कल्याण ते माटुंगा, सकाळचं कॉलेज: रुटीन बसवायचं तरी कसं?

पावणेसहाची_गाडी
एसवायला आहे, कल्याणला राहतो, कॉलेज माटुंग्याला आणि पहिलं लेक्चर ७:२० चं. म्हणजे पाचला उठायचं, पोटात काही नाही, ब्रेकमध्ये समोसा पाव नाहीतर वडापाव, दुपारी घरी येऊन जो आडवा होतो तो डायरेक्ट सहाला उठतो, मग रात्री एकपर्यंत झोप कुठली येतेय आणि मोबाईल हातात असतोच. जिमचे वर्षाचे पैसे भरून ठेवलेत, आईचे टोमणे रोज चालू. वन रूम किचन आहे, बाबांचा टीव्ही साडेदहापर्यंत असतो, त्यामुळे 'नऊला झोप' वाले सल्ले प्लीज नकोत. दर सोमवारी नवीन टाइमटेबल बनवतो आणि बुधवारपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो. २१ दिवस नेटाने केलं की सवय लागते म्हणतात, खरंय का? आणि सुरुवात कशापासून करू?

खिडकीतली_सीट
२१ दिवसांचं सोडून दे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ जणांवर अभ्यास केलेला, २०१० मध्ये छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसात फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. त्यातली कामाची गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. म्हणजे बुधवारी गाडी घसरली तर गुरुवारी पुढे चालू, सोमवारची वाट कशाला बघायची?

दुसरं, नवीन सवय अशा गोष्टीला लटकव जी तू कसंही करून करतोसच. तुझ्या बाबतीत ती म्हणजे लोकल. माटुंग्याला फास्ट थांबत नाही म्हणून तू स्लोने जात असशील किंवा दादरला बदलत असशील. त्यापेक्षा फास्टने दादरला उतर, ईस्टला बाहेर ये आणि हिंदू कॉलनीतून चालत जा, झाडं आहेत, सकाळी गर्दी नसते, वीसेक मिनिटं लागतील. येताना पण तसंच. आठवड्याला २०० मिनिटं होतात, डब्ल्यूएचओ तर १५० च मागते. फक्त चालणं भरभर हवं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही असं. जिमचं नंतर बघ.

नाईटशिफ्टवाला
चालण्याला माझा विरोध नाही पण भाऊ हा चार तास झोपतोय, आधी तेवढं बघा. या वयात सात ते नऊ तास लागतात आणि झोप नसेल तर बाकी कुठलंच टाइमटेबल टिकत नाही, त्यात तुझा दोष नाही. तुझी रात्र बिघडवते ती दुपारची झोप, टीव्ही नाही. आल्यावर २५ मिनिटांचा अलार्म लाव आणि मोबाईल किचनमध्ये ओट्यावर ठेव म्हणजे बंद करायला उठावंच लागेल. पहिले काही दिवस संध्याकाळी डोकं जड राहील, सहन कर, पण अकराला झोप येईल. रात्री पण चार्जिंग तिथेच. आणि कॉफी घेत असशील तर दुपारीच, कारण कॅफीन पाच तासांनीसुद्धा अर्धं अंगात असतं. टीव्हीचा त्रास वाटला तर मेडिकलमध्ये इअरप्लग मिळतात, स्वस्त आहेत.

डोंबिवलीची_काकू
बाळा, नाश्ता नाही म्हणतोस, मग आईने तुझ्यासाठी चारला उठून डबा करायचा का? तिचीही झोप असते रे. आदल्या रात्री तू स्वतः भरून ठेव. रात्रीच्या दोन पोळ्या उरवायच्या, कुस्करून त्यात गूळ आणि तूप घालून लाडू वळायचा, अगदी पाच मिनिटांचं काम, गर्दीत उभ्याने सुद्धा खाता येतो, हात खराब होत नाहीत. जोडीला मूठभर भाजलेले शेंगदाणे, शंभर ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं त्यात, पावडरचे डबे आणायची गरज नाही. केळं दादरला मिळेलच. वडापाव बंद कर असं मी कोणत्या तोंडाने सांगू, पण लाडू पोटात असेल तर तो भूक म्हणून नाही, चव म्हणून खाशील.

पावणेसहाची_गाडी
काकू 🙏 आजच पोळ्या उरवायला सांगतो. सॉरी, उरवतो. पण जुलैत हिंदू कॉलनीतून चालत?? किंग्ज सर्कलला पाणी भरलं की तिथे पोहत जावं लागतं.

खिडकीतली_सीट
धोधो असेल तेव्हा गपचूप स्लोने जा, पण मग मधल्या सुट्टीत कॉलेजचे जिने वरखाली कर. आणि जिमवाल्याला विचारून बघ मेंबरशिप मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलतो का, काही जण करून देतात. पैसे परत मागू नकोस फक्त, ते होत नाही.