क्रोशाचा चौकोन: पॉपकॉर्न पाठीमागेच का फुगतात? आणि ही झालर कुठून आली?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकहून लिहितेय. वय ६१, बँकेतून निवृत्त. क्रोशाची सुई आठवीपासून हातात आहे, पण ती दोऱ्याची. ताटावरचे रुमाल, दाराचं तोरण, टीव्हीवरचं पांघरूण (टीव्ही भिंतीला चिकटले आणि ते पांघरूणही गेलं). माझ्या रुखवतात क्रोशाचे सात रुमाल मांडले होते, त्यातल्या सहांची घडी अजून मोडलेली नाही. लोकरीचा ग्रॅनी स्क्वेअर (मधून सुरू करून फेरी-फेरीने बाहेर वाढवायचा चौकोन) मात्र पहिल्यांदाच करतेय आणि तिथेच घोडं अडलंय.

सुनेचं माहेर निफाडचं, बाळंतपण तिकडेच. बारसं जानेवारीत. निफाडचा जानेवारी काय असतो ते पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्यांना विचारा. म्हणून बाळाला पांघरूण करायला घेतलं. ६ बाय ७, एकूण ४२ चौकोन. ॲक्रिलिक लोकर, ४ मिमीची सुई.

नमुना भाचीने इंग्लंडहून आणलेल्या पुस्तिकेतला. सहा फेऱ्या, सगळे भरीव खांब (म्हणजे सुईवर वेढा घेऊन केलेले उंच टाके, मध्ये जाळी नाही). तिसऱ्या फेरीत प्रत्येक बाजूला तीन पॉपकॉर्न, म्हणजे पाच खांब एकत्र बांधून केलेले फुगे, पाचवीत खालच्या खांबाला वेढा घालून केलेले उठावदार खांब, सहावी काठाची. चित्रात बोट फिरवावंसं वाटतं इतकं सुंदर दिसतं.

माझे नऊ झालेत. पहिले तीन पुस्तिका वाचून. त्यात फुगे पाठीमागे गेले. मग वैतागून एक अमेरिकन व्हिडिओ लावला आणि पुढचे सहा त्यावर केले. फुगे तरीही मागेच, वर काठाला परकराच्या झालरीसारख्या चुण्या. आकारही वेगळा, पहिले तीन १३ सेंमी, नंतरचे मोजायला सपाटच बसत नाहीत. शिवाय नऊच्या नऊ चौकोन जरा तिरके, गच्चीवरून सुटलेल्या पतंगासारखे.

उसवायचे का? खरं सांगा, मनाची तयारी आहे.

लोकरवेडी

काकू, आधी एक काम करा. झालरवाला एक चौकोन घ्या आणि प्रत्येक फेरीत एका बाजूला किती खांब आहेत ते मोजून लिहा. कोपऱ्यात दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब असंच आहे ना?

आणि फुगा नेमका कसा करता? दोन्ही वेळेस एकच पद्धत होती की वेगळी?

गोदाकाठ

हो, कोपरा तसाच. मोजले: ३, ७, ११, १८, २२, २६.

फुगा पहिल्या तिनांत आईने शिकवलेल्या पद्धतीने केला. एकाच घरात पाच खांब, प्रत्येकाचा शेवटचा टाका सुईवर ठेवायचा, सुईवर सहा झाले की एकदम ओढून काढायचे. दोऱ्याच्या रुमालाला कोण मागचं-पुढचं बघतंय! व्हिडिओतली बाई पाच खांब पूर्ण करते, सुई काढते, पहिल्या खांबाच्या डोक्यात घालते, सुटलेला टाका ओढून घेते आणि वर एक साखळी. तसंच करतेय. मला वाटतं.

लोकरवेडी

चोर सापडला. :)

भरीव चौकोनात दर फेरीला प्रत्येक बाजूला चार खांब वाढतात, दोन या कोपऱ्याचे, दोन त्या. ३, ७, ११, १५, १९, २३ असं यायला हवं. तुमच्याकडे ११ नंतर एकदम १८. तीन जास्तीचे, आणि तिसऱ्या फेरीत फुगे किती? तीनच. फुग्यावरची ती एक साखळी म्हणजे पिशवीच्या तोंडाची गाठ, तो टाका नव्हे. चौथ्या फेरीत तुम्ही फुग्याच्या डोक्यातही खांब घातलात आणि साखळीतही. एका फुग्याला एकच खांब. पहिल्या तिनांत साखळीच नव्हती, म्हणून झालरही नव्हती.

आता मागे का जातात. आईंची पद्धत म्हणजे बॉबल. त्याचा स्वभावच विणणाऱ्याकडे पाठ करायचा, तो पलीकडच्या बाजूलाच फुगतो. पॉपकॉर्न मात्र आपण फुगवू तिकडे फुगतो. सुई काढल्यावर पहिल्या खांबाच्या डोक्यात ती समोरून मागे घालायची. तुम्ही बहुतेक मागून पुढे घालताय. एक करून बघा, लगेच कळेल.

गोदाकाठ

अगं बाई! मागूनच घालत होते. सुई तशी सोपी जाते म्हणून. व्हिडिओत हात इतका भराभरा चालतो की बाजू दिसतच नाही. आत्ता एक केला, टप्पकन पुढे आला.

लीड्सहून

मी मूळची सांगलीची, लीड्समध्ये दर गुरुवारी वाचनालयातल्या विणकाम गटात बसते. तुमच्या आकारातल्या फरकाबद्दल: काठाच्या फेरीला पुस्तिकेत काय लिहिलंय? 'डीसी', म्हणजे डबल क्रोशे?

तसं असेल तर तो ब्रिटिश डीसी आहे, म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन डीसी म्हणजे आपला साधा खांब, ज्याला इथे ट्रेबल म्हणतात. एकच नाव, उंची दुप्पट. व्हिडिओवरून केलेल्या सहांत शेवटची फेरी तुम्ही खांबांची केली असणार.

ओळखायची खूण सांगते. नमुन्यात 'सिंगल' क्रोशे आलं की तो अमेरिकन. ब्रिटिश नमुन्यात सिंगल नसतंच. मी तर कुठलाही नमुना हातात आला की आधी समासात पेन्सिलीने मराठीत लिहून काढते: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. गटातल्या बायका विचारतात ही कुठली गुप्त लिपी. आपल्या शब्दांत घोटाळा व्हायला जागाच नाही, सुईवर वेढा नाही तो मुका, एक वेढा तो खांब.

गोदाकाठ

डीसीच आहे. आणि मी दोन दिवस माझ्या हाताला दोष देत होते, वय झालं, हात सैल पडला म्हणून.

बेळगावकरीण

तिरकेपणाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने गेल्या की चौकोन पिळतो. खांबाचं डोकं त्याच्या बुंध्याच्या बरोबर वर बसत नाही, थोडं बाजूला सरकतं. लहान रुमालात खपून जातं, भरीव चौकोनात दर फेरीला साठत जातं. उपाय एकच, फेरी संपली की काम उलटवायचं आणि पुढची फेरी उलट बाजूने विणायची.

उठावाच्या नमुन्यात लोक याला घाबरतात, कारण उलट बाजूच्या फेरीत फुगा आला तर सगळं उलटं करावं लागतं. तुमचं नशीब जोरावर आहे. फुगे तिसरीत, वेढ्याचे खांब पाचवीत, दोन्ही विषम, म्हणजे दोन्ही सुलट बाजूलाच पडतात. आणि समजा उद्या चौथ्या फेरीत फुगे हवेच झाले, तर तिथे तुमच्या आईची पद्धत वापरा. उलट बाजूने केलेला बॉबल आपोआप सुलट बाजूला येतो. आई चुकल्या नव्हत्या हो, बाजू चुकली होती.

लोकरवेडी

मी नाही उलटवत. मला सुलट बाजूचा एकसारखा पोत आवडतो, उलटवलं की खांबांची एक ओळ पाठ, एक ओळ पोट दिसते. मी प्रत्येक फेरी वेगळ्या कोपऱ्यातून सुरू करते, शेवटी पाण्याचा फवारा मारून टाचण्या लावून रात्रभर ठेवते. पिळ बराच कमी होतो.

बेळगावकरीण

कमी होतो, जात नाही. ४२ जोडायला बसलात की कळेल.

अण्णा_टोपीवाले

बायकांच्या धाग्यात घुसतोय, माफी. मी टोप्या विणतो, तेही दोन सुयांवर. पण एक गोष्ट कोणी विचारली नाही: लोकर किती आहे? उठावाचा नमुना लोकर खातो. एकेका फुग्यात पाच खांब जातात, हिशेबात मात्र एकच धरला जातो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक चौकोन ठेवा, ४२ ने गुणा, वर जोडणी आणि काठ धरा. आणि लडीवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, बघून ठेवा. त्याच रंगाची दुसऱ्या लॉटची लोकर दिवसा चालते, ट्यूबलाइटखाली उघडी पडते.

गोदाकाठ

अण्णा, माफी कसली. काट्यावर ठेवला, १६ ग्रॅम. ४२ गुणिले १६ म्हणजे ६७२. जोडणी-काठ धरून ८०० तरी. माझ्याकडे आहे ५००. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि स्वतःचा केलाच नाही!

गोदाकाठ (आठ दिवसांनी)

अहवाल देते. झालरवाल्या सहांपैकी पाच दुसऱ्या फेरीपर्यंत उसवले. लोकर नूडल्ससारखी कुरळी झाली होती. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, ओली करून वाळत टाकली, सरळ झाली. सहावा उसवण्याआधी मी नको तो प्रयोग केला. झालर बसेल म्हणून वाफेची इस्त्री फिरवली. झालर बसली, फुगेही बसले, कायमचे. ॲक्रिलिकला वाफ लागली की त्यातला जीव जातो, पुन्हा उठत नाही. हातात धरलं तर ओल्या फडक्यासारखं लुळं. गरम भांडी धरायलाही उपयोगाचं नाही, वितळेल. मांजराने ताबा घेतलाय.

पहिले तीन तसेच ठेवले. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने फुगे पुढे ढकलले. पांघरुणाला मागून माझ्या जुन्या सुती साडीचं अस्तर लावणार आहे, म्हणजे ते परत मागे जायचे नाहीत आणि बाळाची बोटंही लोकरीत अडकणार नाहीत.

बेळगावकरीणताई, उलटवून केले. कोपरे सरळ! लोकरवेडी, पाठ-पोट दिसतं हे खरं, पण मला ते आवडलं, गोधडीच्या धावदोऱ्यासारखं वाटतं. सध्या आठ नवे आणि तीन जुने, अकरा झाले. एकतीस बाकी.

मेन रोडला दुकानदाराने वरच्या फळीवरून पोतं काढून शोधलं. त्याच लॉटच्या शंभर ग्रॅमच्या दोनच लडी निघाल्या, तिसरी नाही. काठ आता पांढरा येणार.