मोठे टायर बसवल्यानंतर जुन्या मापाची स्टेपनी चालेल का?

दगडवाट

नमस्कार. माझ्याकडे एरवी मागच्या चाकांवर चालणारा आणि गरजेनुसार फोर-व्हील ड्राइव्ह लावता येणारा पिकअप ट्रक आहे. मूळ टायर 245/75 आर 16 मापाचे होते. खडकाळ वाटांवर गाडी खालून घासू लागल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी चारही चाकांना 265/75 आर 16 मापाचे ऑल-टेरेन टायर बसवून घेतले. स्टेपनी मात्र गाडीबरोबर आलेली, जुन्याच मापाची, चासीखाली लटकवलेली आहे. ती एकदाही वापरलेली नसल्यामुळे तिची नक्षी अगदी कोरी आहे, आणि म्हणूनच ती बदलायला मन धजत नाही. आता आठ दिवसांच्या प्रवासाची तयारी करतो आहे. त्यांतले तीन दिवस डांबरी रस्ता लागणार नाही. अशा वाटेवर ही स्टेपनी पुरेशी ठरेल का, आणि एकच न्यावी की दोन?

पाचवेचाक

आधी मापांचा हिशेब करून पाहावा. 245 मिलिमीटर रुंदीचे 75 टक्के म्हणजे सुमारे 184 मिलिमीटर ही टायरच्या बाजूची उंची. ती दोनदा धरून त्यात 16 इंची रिमचे 406 मिलिमीटर मिळवले, की व्यास 774 मिलिमीटर येतो. त्याच रीतीने 265 च्या टायरचा व्यास 804 मिलिमीटर येतो. म्हणजे लहान चाक एका किलोमीटरमध्ये साधारण 411 फेरे घेईल आणि मोठे 396.

टू-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळत नसल्यामुळे, लहान चाक पुढे लावून गाडी बेताच्या वेगाने डांबरी रस्त्यापर्यंत नेता येते. मागचे चाक पंक्चर झाले, तर पुढचे एक चांगले चाक मागे न्यावे आणि स्टेपनी पुढे लावावी. चाके दोनदा बदलण्याचा त्रास होतो, पण मागच्या डिफरेन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचावर, सतत ताण येत नाही. लिमिटेड-स्लिप, म्हणजे दोन चाकांच्या गतीतला फरक रोखू पाहणारा डिफरेन्शियल असेल तर हा त्रास टाळूच नये, कारण त्यातील क्लच प्लेट सरळ रस्त्यावरही घासत राहतात.

खरा प्रश्न फोर-व्हील ड्राइव्हचा आहे. तुमच्या प्रकारच्या गाडीत तो लावला की ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा फिरता दांडा) एकमेकांशी जखडून टाकते. पुढे एक चाक लहान असेल तर पुढच्या शाफ्टला प्रत्येक किलोमीटरला काही फेरे जास्त घ्यावे लागतात, आणि ती मुभा त्याला नसते. वाळूत किंवा चिखलात चाक थोडे घसरून हा फरक मोकळा होतो. कोरड्या खडकावर चाक घसरत नाही, म्हणून पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो. ज्या चढावर फोर-व्हील ड्राइव्हवाचून भागत नाही, नेमका तेथेच तो लावता येणार नाही, अशी स्टेपनी माझ्या मते स्टेपनीच नव्हे. त्याच मापाचे पाचवे चाक घ्या.

मातीचारस्ता

वरील हिशेब पटतो. त्यात वयाची भर घालतो, कारण कोऱ्या नक्षीने माझीही एकदा फसगत झाली आहे. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा जो क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार अंक पाहा. 3519 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही कडक होते. त्यात मिसळलेली संरक्षक मेणे टायर फिरताना आणि दबताना पृष्ठभागावर येत राहतात; नुसत्या टांगलेल्या टायरला तो लाभ मिळत नाही. नक्षी कितीही चांगली दिसली, तरी दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, असा बहुतेक उत्पादकांचा सल्ला असतो.

याचसाठी नवे पाचवे चाक घेतल्यावर ते नुसते टांगून ठेवू नका. दर आठ-दहा हजार किलोमीटरना पाचही चाके आळीपाळीने फिरवा. चार टायरांची नक्षी 6 मिलिमीटर झिजली की त्यांचा व्यास 12 मिलिमीटरने कमी होतो, आणि मग त्याच मापाची कोरी स्टेपनीही मोठी ठरते.

टायर घेताना वजनाचा निर्देशांकही जुळवा. याच 265/75 आर 16 मापात 116 निर्देशांकाचा टायर 1250 किलो पेलतो, तर 123 चा 1550 किलो. पाणी, इंधन आणि सामान भरलेल्या पिकअपला हा फरक नक्कीच जाणवतो.

शिवाय मोठे चाक चासीखालच्या जागेत मावते का, हे निघण्यापूर्वी बसवून पाहा. मागचे टायर पंक्चर होऊन गाडी चाकोरीत बसली की खालची स्टेपनी बाहेर ओढणे फार कठीण जाते. मी ती मागच्या हौद्यात आडवी बांधून नेतो. टपावर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे: रिमसह सुमारे 35 किलो वजन तितक्या उंचीवर गेले की आडव्या उतारावर गाडी लवकर कलते.

वाळूवरून

दुसऱ्या स्टेपनीबद्दल लिहितो. तीन दिवसांच्या वाटेसाठी एक पूर्ण चाक, पंक्चर काढण्याच्या दोऱ्यांचा संच आणि चांगला कॉम्प्रेसर एवढे पुरते, असा माझा अनुभव आहे. नक्षीतून शिरलेला खिळा किंवा दगडाची टोच दोरीने बुजते. बाजूच्या भिंतीला पडलेली चीर मात्र भरवशाने बुजत नाही, आणि स्टेपनी खरोखर लागते ती त्याच वेळी. वाट आठवडाभराची असती, तर मी रिमशिवाय नुसता एक जादा टायर नेला असता; त्याने वजन वाचते, पण तो रिमवर चढवण्याचा सराव घरी केलेला असावा लागतो.

स्टेपनीत हवा नेहमी जास्त ठेवा, म्हणजे पूर्ण भारासाठी लागते तेवढी. जागेवर सोडून कमी करणे सोपे असते.

दगडवाट

आज स्टेपनी खाली उतरवली. अंक 2214 निघाले, म्हणजे ती 2014 सालची आहे आणि नक्षीच्या खाचांत बारीक भेगाही दिसतात. शिवाय ती उतरवणाऱ्या साखळीचा दांडा गंजल्यामुळे अर्धा तास हलला नाही. हे घरीच कळले, याचे समाधान वाटते. त्याच मापाचा आणि त्याच निर्देशांकाचा टायर घेतो आहे. चार चाकांना अलॉय रिम आहेत. पाचव्याला लोखंडी रिम चालेल का?

पाचवेचाक

चालेल, आणि दगडावर आपटून वाकली तरी हातोड्याने बऱ्याच अंशी सरळ करता येते. मात्र ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती हबला टेकते त्या पृष्ठापर्यंतचे अंतर) आणि मधल्या भोकाचे माप तेच हवे. काही गाड्यांत अलॉयचे नट सपाट वॉशरचे आणि लोखंडी रिमचे नट निमुळते असतात. तसे असेल तर निमुळत्या नटांचा वेगळा संच चाकासोबतच बांधून ठेवा. नवे चाक पुढे आणि मागे एकेकदा चढवून ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना ते पाहा, आणि चढवल्यानंतर 50 किलोमीटरनी नट पुन्हा आवळा.