पोटावर चीर नको म्हणून जठराला भोक? तुमचं मत काय?

तापीकाठ (चोपडा)
गावाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: तोंडातून दुर्बीण घालून पित्ताशय काढा, पोटावर एकही टाका नाही. लोक लगेच खर्च विचारायला लागले. माझा विरोध आहे. पोटावर चीर नाही म्हणजे ती जठराला आहे, दिसत नाही एवढंच. कातडीचा टाका पिकला तर ड्रेसिंगवर भागतं; जठराचं भोक उघडं राहिलं तर आम्ल आणि अन्न पोटाच्या पोकळीत सांडतं, जिवावर बेततं. २००४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी जठरातून पोटात शिरण्याचा डुकरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हापासून घोडं अडलंय ते हे भोक बंद करण्यापाशीच. साधी क्लिप आतलं अस्तर तेवढं चिमटीत धरते, स्नायूचा थर तसाच राहतो.

मेडिको_जळगाव
दादा, माहिती जुनी झाली. आता दुर्बिणीच्या टोकावर चढवायची नितिनॉल या स्प्रिंगसारख्या मिश्रधातूची मोठी क्लिप आहे, ती भिंतीची पूर्ण जाडी पकडते. आणि जपानच्या डॉ. इनोऊए यांनी २००८ पासून केलेली 'पोएम' ही तोंडावाटे दुर्बिणीनं करायची शस्त्रक्रिया बघा. ज्यांच्या अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नाही, त्यांच्यासाठी. अस्तराला वर छेद द्यायचा, अस्तराखालून बोगदा करत खाली जायचं आणि स्नायू तिथं कापायचा. दोन दारं समोरासमोर येतच नाहीत, म्हणून वरचा छेद क्लिपांनी मिटवला की काम झालं. क्लिपा पुढे आपोआप गळून पडतात. हैदराबादच्या डॉ. राव आणि डॉ. नागेश्वर रेड्डींनी तर जठरामार्गे माणसाचं अपेंडिक्सही काढून दाखवलंय.

तापीकाठ (चोपडा)
त्या पेशंटच्या पोटाची कातडी भाजलेली होती हो! तिथं दुसरी वाट नव्हती. आणि बोगद्यातून पित्ताशय कसं ओढणार?

सिस्टर_धुळे
दोघा भावांनो, दुर्बिणीच्या नेहमीच्या ऑपरेशनात पोटावर पाडतात त्या भोकांना फुकट पास करू नका. पाच मिलिमीटरचं भोक सहसा कातडी जुळवली की भागतं. दहाचं असेल, त्यातून बेंबीजवळचं, तर खालचा पांढरा चिवट पडदा वेगळा शिवावा लागतो, नाहीतर हर्निया. कातडी आठवड्यात जुळते, पडद्याला ताकद यायला महिने लागतात. पण टाके निघाले की माणूस म्हणतो, 'बरा झालो', आणि कापसाचं गाठोडं डोक्यावर. आमच्याकडे ड्रेसिंगला एक आजी आल्या, बेंबीत हळद-तेलाचा लेप इतका घट्ट बसलेला की खालचा पू दिसेना. शुगर वाढलेली, त्यात खोकला. याला कोणती क्लिप पुरेल?

केळीवाला (रावेर)
ताई, लेप आमच्याकडेही लावता. बाकी शेवभाजी कधीपासून चालते, ते कोणी सांगेल का?

सिस्टर_धुळे
ते तुमच्या सर्जनला विचारा भाऊ. आणि तो लेप आधी पुसा.

मेडिको_जळगाव
पित्ताशयाचं सोडतो, त्याला चार भोकांची पद्धतच बरी. पण जठराच्या भिंतीतच गाठ असेल तर? निवडक पेशंटमध्ये ती आतूनच पूर्ण जाडीची कापतात आणि आतूनच भोक मिटवतात. भिंत कापावी लागणारच असेल, तर वरून पोट कशाला उघडायचं?

तापीकाठ (चोपडा)
गाठीसाठी कर की, कोण अडवतंय. मेसेज पित्ताशयाचा आहे, आणि तो पाठवणाऱ्यानं भोक कसं बंद करणार हे एका ओळीतही लिहिलेलं नाही.