हॅंडीकॅमच्या व्हिडिओत आडव्या रेघा आणि चौकोन: काय करू? (बजेट १५००)

डिचोलीकर
२००६ सालच्या शिगम्यातली (गोव्यातला होळीचा सण) आमच्या गावची घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडे बांधून करतात तो नाच, मिनीडीव्ही टेपवर आहे. मित्राच्या डेस्कटॉपवर फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुनी केबल) उतरवून घेतली. आता एडिट करताना घोडे उसळले की कडांना कंगव्यासारखे दात दिसतात, मध्येच चित्राचे चौकोन होतात. शिगम्याआधी देवळाच्या मांडवात दाखवायचंय. लॅपटॉप जुना आहे.

बाइटवाला
ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप घे. मी ८५ हजारांचा घेतला, फोरके लोण्यासारखं चालतं.

मांडवीकाठ
१५०० लिहिलंय त्याने. चष्मा लावा.

टेपवाला
दोन वेगळी दुखणी आहेत. दात म्हणजे इंटरलेसिंग. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या कॅमेऱ्यात एका फ्रेममध्ये दोन फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) असतात, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली. मधल्या वेळात घोडा पुढे सरकतो, म्हणून कडा फाटते. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस लाव, फुकट आहे. आणि एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये 'लोअर फील्ड फर्स्ट' ठेव. डीव्हीचं तसंच असतं, एचडी कॅमकॉर्डरचं बहुतेक उलट. ते चुकलं तर चित्र पुढेमागे थरथरतं.
चौकोनांसाठी टेप कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर लाव. तिथेही दिसले तर हेड (कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग) मळलंय नाहीतर टेप गेलीय.

बाइटवाला
डीइंटरलेस केलं की चित्र मऊ होतं. मॅक घ्या, विषय संपला.

टेपवाला
मॅकओएस २६ मधून फायरवायरच काढून टाकलंय. पुढची टेप कशी उतरवणार?

सत्तरीचो
खरी घोडेमोडणी आमच्या सत्तरीची. डिचोलीत नुसती घुंगरं वाजवतात.

डिचोलीकर
दादा, रेघांचं बोला.

वाळपईकाकी
आमच्या लग्नाच्या कॅसेटला पावसाळ्यात बुरशी आली. पेडण्याच्या दुकानदाराने 'करून देतो' म्हणून वर्षभर ठेवून घेतली, मग तशीच परत दिली. रिळावर पांढरे ठिपके असतील तर कॅमेऱ्यात घालू नकोस रे बाबा, हेडला लागते.

मांडवीकाठ
टेपवाल्यांना अनुमोदन. हेड मळलेलं असणार. क्लीनिंग कॅसेट मिळते, दहाएक सेकंदच चालवायची. जास्त घासली तर हेड झिजतं.

बाइटवाला
हेच मी म्हणणार होतो.

डिचोलीकर
अपडेट: ठिपके नाहीत. क्लीनिंग कॅसेट फिरवली, आता कॅमेऱ्यावर चौकोन दिसत नाहीत. म्हणजे परत उतरवायला हवं, पण मित्र बोटीवर गेला आणि डेस्कटॉप त्याच्या घरी कुलपात. लॅपटॉपला फायरवायर नाही.
देवळाच्या खोलीत जुना २९ इंची डबा टीव्ही पडून होता. तीन रंगी वायर लावून कॅमेरा थेट त्याला जोडला. एकही दात नाही! आता मांडवात हेच लावणार, एडिटिंग गेलं खड्ड्यात.

टेपवाला
बरोबरच आहे, ट्यूबवाला टीव्ही फील्डं एकामागून एकच दाखवतो. पण मित्र आला की ती टेप उतरवून घे. डीव्हीला तासाला १३ जीबी लागतात, जागा ठेव.

बाइटवाला
२९ इंचात मांडवातल्या शेवटच्या रांगेला काय दिसणार? प्रोजेक्टर घ्या.

सत्तरीचो
शेवटच्या रांगेत डिचोलीकरांनाच बसवा.