अर्धा इंच म्हणजे नेमके किती? दुकानांच्या संकेतस्थळांवरील अपुऱ्या माहितीविषयी

प्रश्न

नमस्कार. शॉवरची नळी बदलताना तिच्या टोकाचे पितळी कपलिंग तुटले आणि तसेच दुसरे मिळावे म्हणून गेले तीन दिवस मी निरनिराळ्या दुकानांची संकेतस्थळे धुंडाळत आहे. फोटो सगळीकडे उत्तम आहेत, ‘टिकाऊ’ आणि ‘दर्जेदार’ ही विशेषणेही आहेत. पण आट्यांचा बाहेरचा व्यास किती, आटे आतून आहेत की बाहेरून आणि ते कोणत्या मानकाचे आहेत, यांपैकी एकही गोष्ट बहुतेक पानांवर लिहिलेली नाही. एका पानावर तर शीर्षकात ‘अर्धा इंच’ आहे आणि खालच्या तक्त्यात लांबी ११० मिमी दिली आहे, जरी ती वस्तू मुठीत मावेल एवढीच दिसते. मापाचा फिल्टर लावला की शेकडो वस्तूंपैकी चारच उरतात.

माझा तुटलेला भाग मोजला तर व्यास जवळपास २१ मिमी भरतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. तरीही धाडस करून एक कपलिंग मागवले, तर ते तीन-चार फेरे बसले आणि अडकले. माझे मोजण्यात चुकते आहे, की ही माहितीच चुकीची आहे?

पहिले उत्तर

आपले मोजमाप बरोबर आहे आणि दुकानाने लिहिलेला अर्धा इंचही खोटा नाही. तो केवळ अपुरा आहे. पाइपाच्या आट्यांचे माप हे नाममात्र असते. जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून ते नाव पडले आणि पुढे पाइपाची जाडी बदलली तरी नाव तसेच राहिले. त्यामुळे ‘अर्धा इंच’ म्हटल्या जाणाऱ्या ब्रिटिश मानकाच्या, म्हणजे बीएसपी आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २०.९५ मिमी असतो. उत्तर अमेरिकेत प्रचलित असलेल्या एनपीटी मानकाच्या अर्ध्या इंचाचा व्यास सुमारे २१.३ मिमी असतो.

आता खरी अडचण पाहा. या मापात दोन्ही मानकांमध्ये एका इंचात १४ आटेच असतात, म्हणून एक दुसऱ्यात फिरू लागते. पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६० अंश असल्यामुळे थोड्याच फेऱ्यांत ते अडकते, आणि जोर लावून बसवले तरी गळत राहते. आपल्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे. टेफ्लॉन टेप गुंडाळून ते निभावून नेण्याचा प्रयत्न कृपया करू नका.

दुसरे उत्तर

मी काही वर्षे एका दुकानाच्या संकेतस्थळासाठी वस्तूंची माहिती भरण्याचे काम केले आहे. ते ११० मिमी बहुधा खोक्याचे माप असावे. पाठवणीचा खर्च खोक्याच्या आकारमानावरून ठरतो, त्यामुळे ते माप भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. वस्तूचे स्वतःचे माप मात्र ऐच्छिक असते. रंगाचा रकाना सक्तीचा असल्यामुळे मी कपलिंगसमोर निष्ठेने ‘सोनेरी’ असे लिहीत असे, आणि आट्यांसाठी रकानाच नव्हता, कारण कपडे, दिवे आणि नळाचे भाग या सर्वांना एकच साचा लावलेला होता. शिवाय ती वस्तू आमच्या हातात कधी येत नसे. पुरवठादाराचा तक्ता आणि फोटो, एवढ्यावरच काम चाले.

फिल्टरचे कारणही यातच आहे. एक पुरवठादार ‘२० मिमी’ लिहितो, दुसरा ‘२ सेमी’, तिसरा रकाना रिकामा ठेवतो. संगणकाला पहिली दोन मूल्ये वेगळी वाटतात आणि तिसरी वस्तू फिल्टर लावताच यादीतून गळते, म्हणजे ती गोदामात असूनही ग्राहकाच्या दृष्टीने नसतेच. म्हणून फिल्टरवर विसंबू नका. पानावर उत्पादकाचा मॉडेल क्रमांक किंवा १३ अंकी बारकोड क्रमांक दिसला तर तो उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे पुष्कळदा मापांसहित आकृती मिळते.

तिसरे उत्तर

वरील सल्ला उपयुक्त आहे, परंतु हा सगळा भार ग्राहकाने का वाहावा, हे मला पटत नाही. छापील सूचीत जागा मोजकी असे, तरी हार्डवेअरच्या सूचीत रेखाकृती आणि मापे असत. इथे जागेला तोटा नाही आणि तरी आपल्याला एकाच कपलिंगचे सहा चकचकीत फोटो दाखवले जातात, ज्यांत शेजारी मोजपट्टी ठेवलेला एकही नसतो. चुकीची वस्तू परत करताना कारणांच्या यादीत ‘वर्णन अपुरे’ असा पर्याय असेल तर तोच निवडा. ‘आवडली नाही’ निवडले की दोष आपल्या पसंतीकडे जातो आणि ते पान आहे तसेच राहते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. अडकलेल्या कपलिंगच्या खोक्यावरील बारकोड क्रमांकावरून उत्पादकाची आकृती सापडली. त्यावर एनपीटी असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणजे ही माहिती अस्तित्वात होती आणि दुकानाच्या पानापर्यंतच ती पोहोचली नव्हती. ‘वर्णन अपुरे’ हे कारण देऊन ते परत पाठवले आहे. दोन विक्रेत्यांना आट्यांविषयी थेट विचारले. एकाने पानावरचाच मजकूर पुन्हा पाठवला. दुसऱ्याने कॅलिपर लावून काढलेला फोटो पाठवला, त्यात २०.९ मिमी दिसते. त्याच्याकडूनच मागवले आहे.