मदत हवी आहे: इटालियन गाड्यांच्या मदतनिधी प्रदर्शनाची आखणी

आम्ही काही हौशी मंडळी मदतनिधीसाठी इटालियन आणि दुर्मीळ विदेशी गाड्यांचे एक दिवसाचे अनौपचारिक प्रदर्शन भरवणार आहोत. परीक्षक आणि गुणपत्रिका मुद्दाम टाळल्या आहेत. प्रेक्षकांनी आवडत्या गाडीसमोरच्या डब्यात पैसे टाकावेत आणि तेच मत धरावे, अशी कल्पना आहे. मात्र तसे केल्यास १९५७ साली अवघ्या ४७९ सीसीच्या इंजिनासह आलेली चिमुकली फियाट ५०० एखाद्या लाल फेरारीशेजारी उपाशीच राहील, अशी मला धास्ती वाटते (वास्तविक मी स्वतः तिच्याच समोर अधिक वेळ रेंगाळेन). सर्व डब्यांची रक्कम एकत्र करून विजेता जाहीरच न करणे बरे, की छोट्या गाड्यांचा वेगळा गट करावा?

दुसरा प्रश्न दे तोमासो पांतेरा या स्पोर्ट्स गाडीचा आहे. तिची बांधणी इटलीतली, पण इंजिन अमेरिकी फोर्डचे ५.८ लिटरचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे). तिला इटालियन गाड्यांच्या रांगेत उभे करावे की इतर विदेशी गाड्यांच्या?

खरी चिंता जागेची आहे. मैदानावर गवत असून प्रवेशाशी चढ आहे, त्यामुळे बुटक्या गाड्यांचा पुढचा ओठ (बंपरची खालची कड) घासणार हे उघड आहे. फळ्या तिरक्या टाकून गाड्या आत घेण्याचा, तसेच तापलेल्या एक्झॉस्टखाली वाळके गवत पेटू नये म्हणून घ्यायच्या खबरदारीचा ज्यांना प्रत्यक्ष अनुभव असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.