मेडिकल बोर्डाची एक ओळ आणि बाबांची पेन्शन: मान्य करायची की विचारायचं?

सायली, वाई:
बाबा तोफखान्यात हवालदार होते. २४ वर्षं नोकरी करून २०१९ साली घरी आले. निघताना रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे निवृत्तीआधीची लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी, झाला. उच्च रक्तदाब, अपंगत्व ३० टक्के, कायमचं. त्यापुढे एकच ओळ, 'शांतता क्षेत्रात सुरू झालेला आजार, सेवेशी संबंध नाही.' तेवढ्यावर अपंगत्व पेन्शन नाकारली, पहिलं अपीलही फेटाळलं.

परवा बोर्डाच्या कागदांची झेरॉक्स घेऊन बसले. त्याच फॉर्मच्या सुरुवातीला पोस्टिंगांचा तक्ता आहे. त्यात 'फील्ड', म्हणजे सीमेवरची किंवा मोहिमेवरची नेमणूक, पाच वेळा. शेवटचं फील्ड अतिउंचावरचं, आणि तिथून पीस स्टेशनला, म्हणजे शांतता क्षेत्रात, आल्यावर सातव्या महिन्यात रक्तदाबाची पहिली नोंद. कारणांच्या रकान्यात या तक्त्याबद्दल अक्षर नाही. बाबा म्हणतात, "डॉक्टरसाहेबांनी लिहिलं ते लिहिलं, आता कशाला उकरायचं?" मला नाही पटत. पहिलं पान वाचलंय हे शेवटच्या पानावरून कळतच नसेल, तर तो निष्कर्ष का मानायचा?

फौजी डॉक्टर (निवृत्त):
ताई, मी अशा बोर्डांवर बसलोय, म्हणून लिहितो. चाळिशीनंतर रक्तदाब गावातल्या गुरुजींनाही होतो. बोर्ड मनाचं काही लिहीत नाही. लष्करी डॉक्टरांच्या २००८ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे फील्ड, अतिउंच भाग, बंडखोरीविरोधी मोहीम किंवा जहाजावर दीर्घकाळ असताना रक्तदाब झाला, तर तो सेवेमुळे वाढला असं तेव्हा धरायचे. तुमच्या वडिलांचा पीस स्टेशनला सापडला. सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये नरसिंह यादव खटल्यात बोर्डाचंच मत मानलं. सुरुंगात पाय गेलेली पोरं मी टेबलावर पाहिलीत. सगळेच आजार सेवेच्या खात्यावर टाकले, तर त्यांच्या पेन्शनला काय अर्थ उरतो?

वकील, पुणे:
नरसिंह यादवांचा आजार स्किझोफ्रेनिया होता. तो भरतीच्या तपासणीत कळत नाही, हा त्या निकालाचा गाभा. रक्तदाब मशीन लावलं की कळतो. सायलीताईंनी वाचावा तो २०१३ चा धरमवीर सिंग निकाल. सिग्नल्सचा (संदेशवहन विभागाचा) जवान, भरतीवेळी फिट, नऊ वर्षांनी अपस्मारामुळे घरी पाठवला. बोर्ड म्हणालं सेवेशी संबंध नाही, कारण दिलं नाही. कोर्ट म्हणालं, भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असं धरायचं, शंकेचा फायदा जवानाला, आणि तो आधी का सापडला नसता याची कारणं बोर्डाने लिहायची. मे २०२५ मध्ये राजुमोन खटल्यात तर आजार स्किझोफ्रेनियाच होता, तरीही कारणं नसलेलं बोर्डाचं मत कोर्टाने टिकू दिलं नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा, २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आलेत. तुमचे बाबा २०१९ चे, त्यांना २००८ चेच लागतील. दावा मान्य झाला तर सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार निकालाप्रमाणे ३० चे ५० टक्के धरले जातात.

माजी नायब सुभेदार, खटाव:
डॉक्टरसाहेब, आजार 'सुरू झाला' म्हणजे मशीन लावलं तो दिवस. वर पोस्टवर कोण सांगतंय डोकं ठणकतंय म्हणून? मेडिकल कॅटेगरी (तब्येतीचा दर्जा) पडली की प्रमोशन गेलं. मी दोन वर्षं जर्सीच्या आत कमरेला पट्टा बांधून गन ओढली, एमआय रूमची, म्हणजे युनिटच्या दवाखान्याची, पायरी चढलो नाही. खाली आल्यावर सगळं बाहेर पडलं. मग कागदावर काय आलं? पीस स्टेशन.

फौजी डॉक्टर (निवृत्त):
सुभेदारसाहेब, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण जे जवानाने लपवलं, ते बोर्डाने कुठून वाचायचं? आमच्यापुढे फक्त कागद असतो. ताई, वार्षिक तपासणीच्या नोंदी काढा. वर असताना आकडा नॉर्मल असेल, तर बोर्ड बरोबर होतं हे तुम्हालाही मान्य करावं लागेल.

सायली, वाई:
नोंदी काढतेय काका. पण आकडा नॉर्मल निघाला तरी मी तसं म्हणणार नाही. 'वरच्या तपासणीत आकडा अमुक होता, म्हणून संबंध नाही' एवढं बोर्डानेच लिहायचं होतं. तसं असतं तर मी बाबांना म्हणाले असते, जाऊ दे. आणि सुरुंगात पाय गेलेल्या दादाचं बाबांमुळे काही कमी होतंय असं मला वाटत नाही. त्याच्या कागदावर कारण लिहिलेलं आहे, तेवढंच बाबांसाठी मागतेय.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज काल गेला. दुसरं अपीलही करणार, नाहीच झालं तर मुंबईचं लष्करी न्यायाधिकरण आहे. बाबा आधी सही करायला तयार नव्हते. सुभेदारकाकांचं पट्ट्याचं वाचून दाखवलं, तसे गप्प झाले. मग चष्मा मागितला आणि आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं.